रस्त्यावरच्या खडूच्या रेघा

"बाई, पोलीस रस्त्यार खडून कित्याक लिवतत?"

चौथीतल्या एका पोराने हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्याही हातात खडूच होता. फळ्यावर गुणाकार अर्धा झाला होता. खिडकीतून रस्ता दिसत होता आणि सगळा वर्ग गुणाकार सोडून तिकडे बघत होता. दोन पोलीस डांबरावर वाकून गोल काढत होते, रेघा मारत होते, टेप धरून ओरडून आकडे सांगत होते आणि तिसरा ते लिहून घेत होता.

मुलांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी असं दृश्य पाहिलं असेल. देवगड ते नांदगाव तिठा हा रस्ता म्हणजे नुसती वळणं. एका बाजूला चिऱ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला कलमांची बाग. एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या गाड्या रात्रंदिवस पळत असतात. त्यात मुंबईचे चाकरमानी, कुणकेश्वरला निघालेले पाहुणे, बंदरावर निघालेले मासेवाले. अपघात झाला की आपण धावतो, बघतो, हळहळतो आणि घरी येतो. पोलीस मात्र तिथेच राहतात. मग ते करतात तरी काय? त्या दिवशी मला पोराला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर विचारून, वाचून बरंच समजलं. तेच आज तुम्हाला सांगते. पण आधी माझी एक चूक सांगायला हवी.

खराटा घेऊन गेलेली बाई

ही गोष्ट २०२५ च्या एप्रिलमधली. सकाळची शाळा होती. माझं घर शाळेला लागूनच. सहा वाजले असतील, अजून नीट उजाडलं नव्हतं. बाहेर मोठ्ठा आवाज झाला. धावत गेले तर वळणावर रिकामे क्रेट भरलेली एक पिकअप तिरकी उभी होती आणि गडग्याजवळ एक मोटारसायकल आडवी पडलेली. मोटारसायकलवरचे गृहस्थ बंदरावर निघाले होते. आमच्याच शाळेतल्या एका मुलाचे वडील. पाय मोडला होता, पण शुद्धीवर होते. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून.

माणसं जमली. कुणीतरी १०८ ला फोन केला. कुणी म्हणालं, "हात लावू नका, पोलिसांची भानगड होईल." शेवटी शेजारच्या आजोबांनी त्यांना सावलीत बसवलं, पाय हलू न देता फळीला बांधला. रुग्णवाहिका आली आणि त्यांना देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेली. इथपर्यंत सगळं ठीक झालं.

मग माझ्या मनात आलं, सात वाजता पोरं येतील, निम्मी अनवाणी. रस्त्यावर तर काचांचा सडा! मी अंगणातला खराटा आणला आणि काचा झाडून गडग्याशी ढीग केला. दोघा-तिघांनी मोटारसायकल उचलून कडेला लावली. पिकअपही जरा मागे घेतली, एसटी जायला वाट हवी म्हणून.

थोड्या वेळाने पोलीस आले. हवालदारांनी तो काचांचा ढीग पाहिला आणि विचारलं, "ह्या कुणी झाडल्या?"

"मी," म्हटलं, जरा अभिमानानेच.

"बाई, झाडण्याआधी कुठे पडल्या होत्या त्या? रस्त्याच्या ह्या बाजूला की त्या?"

मला आठवेना. खरंच आठवेना! तोंडावर कुणी पाणी मारावं तसं झालं. कारण प्रश्न नेमका तोच होता. पिकअपवाला म्हणत होता, मोटारसायकल माझ्या बाजूला आली. मोटारसायकलवाले रुग्णवाहिकेत जाताना सांगून गेले होते की पिकअपने वळण कापलं, ती माझ्या बाजूला आली. दोघांपैकी एकच खरं असणार. ते ज्या काचांनी सांगितलं असतं, त्या मी साफ करून टाकल्या होत्या.

पंचनामा म्हणजे काय?

अपघाताची खबर ठाण्यात पोचली, की आधी तिची नोंद होते. मग एका अधिकाऱ्याकडे तपास दिला जातो. त्याला म्हणतात तपासी अंमलदार. तो जागेवर येतो तेव्हा पहिलं काम जखमींना मदत आणि दुसरं, मागून येणाऱ्या गाड्या त्याच जागी आदळू नयेत याची व्यवस्था. हे झालं, की मग पंचनामा.

पंचनामा शब्द तुम्ही पेपरात शंभरदा वाचला असेल. पंच म्हणजे साक्षीला बोलावलेली गावातली माणसं, बहुधा दोन. त्यांचा त्या भांडणाशी संबंध नसावा. पोलीस जे पाहतात ते पंचांच्या समोर लिहितात आणि पंच सही करतात. म्हणजे उद्या कोर्टात कुणी म्हणालं की हे सगळं पोलिसांनी घरी बसून लिहिलंय, तर पंच सांगू शकतात, "नाही, आम्ही उभे होतो."

त्यात आधी येते चतुःसीमा. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला, उत्तरेला काय. मग रस्ता किती मीटर रुंद, साईडपट्टी किती, डांबर कोरडं की ओलं, खड्डे आहेत का, वाळू किंवा खडी सांडली आहे का, वळणावर झाडी वाढून समोरचं दिसत नाही असं आहे का, पाटी आहे का. मग गाड्या कुठे, कुणाचं तोंड कुठे, चेपलेला भाग कोणता. हे सगळं नकाशात काढतात आणि फोटोही घेतात.

आता गंमत बघा. गाडी तर थोड्या वेळाने उचलून नेणार. मग ती नेमकी कुठे होती हे सहा महिन्यांनी कसं सांगायचं? त्यासाठी पोलीस न हलणाऱ्या दोन वस्तू निवडतात. विजेचा खांब, मोरीचा कठडा, किलोमीटरचा दगड. गाडीच्या चाकापासून खांबापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याच चाकापासून मोरीपर्यंतचंही मोजायचं. पुढे केव्हाही त्या दोन आकड्यांवरून ती जागा सापडते. कशी? तुमच्या कंपासपेटीतला कर्कटक काढा. कागदावर दोन ठिपके द्या, एक खांब आणि एक मोरी. एकावरून एका अंतराचा कंस मारा, दुसऱ्यावरून दुसऱ्या अंतराचा. जिथे कंस छेदतात तिथे चाक. (कंस दोन ठिकाणी छेदतात, पण त्यातली एक जागा बहुतेक वेळा रस्त्याच्या बाहेर, बागेत असते!) भूमितीचा हा पाठ कशाला शिकायचा, असं पुन्हा कुणी विचारलं तर मी देवगडच्या रस्त्याकडे बोट दाखवणार आहे.

म्हणून तो खडू. चाकांभोवती गोल, सांडलेल्या तेलाभोवती गोल, घासल्याच्या खुणेच्या सुरुवातीला एक रेघ आणि शेवटी एक. गाड्या हलवल्या तरी खडू राहतो, आरामात मोजता येतं.

रस्ता बोलतो

गाडीचा ब्रेक जोरात दाबला की चाक फिरायचं थांबतं, पण गाडी पुढे घसरत राहते. रबर डांबरावर घासतं आणि काळा पट्टा उमटतो. हा पट्टा म्हणजे गाडीने स्वतःच लिहिलेला जबाब. तो जितका लांब तितका वेग जास्त. पण इथे एक मेख आहे. वेग दुप्पट झाला तर पट्टा दुप्पट होत नाही, चौपट होतो!

चांगल्या, कोरड्या डांबरावर ३० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर साधारण ५ मीटर घसरून थांबते. ६० च्या वेगाने असेल तर २० मीटर. ९० च्या वेगाला ४५ मीटर, म्हणजे आमच्या शाळेच्या पडवीच्या दुपटीहून जास्त. पावसात हेच बदलतं. ओल्या रस्त्यावर पकड कमी, म्हणून ६० वेगाची गाडी ३५ मीटरच्या आसपास जाते. शिवाय धोका दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातोच. ६० च्या वेगाला त्या एका सेकंदात गाडी साडेसोळा मीटर पुढे गेलेली असते. त्या वेळात तिचा वेग जराही कमी झालेला नसतो.

आठवी-नववीतल्या ताई-दादांसाठी हिशोबच देते. पट्ट्याची लांबी मीटरमध्ये घ्या. तिला रस्त्याच्या पकडीच्या आकड्याने गुणा (कोरड्या डांबराला साधारण ०.७, ओल्याला ०.४). आलेल्याला २५४ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. २० मीटरचा पट्टा असेल तर २० गुणिले ०.७ गुणिले २५४ म्हणजे ३५५६. त्याचं वर्गमूळ ५९.६. झालं, गाडी ६० च्या घरात होती. मात्र हा "निदान इतका" वेग. पट्टा संपल्यावर गाडी थांबली नसेल, कशावर तरी आदळली असेल, तर खरा वेग त्याहून जास्तच. नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारे ब्रेक असतात, त्यांचा पट्टा फिकट उमटतो किंवा दिसतच नाही. तेव्हा पोलिसांना दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

आम्ही शाळेच्या मैदानावर हे करून पाहिलं. लाल मातीत सायकल आणायची, ठरलेल्या रेघेवर मागचा ब्रेक करकचून दाबायचा, उमटलेली खूण टेपने मोजायची. आधी हळू, मग जोरात. पोरांनी इतक्या खुणा काढल्या की मैदान नांगरल्यासारखं झालं आणि मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. तुम्हीही करून बघा. मैदानावरच, मोठं कुणी सोबत असताना, आणि पुढचा ब्रेक न दाबता. नाहीतर उलटे व्हाल.

पट्टा नसला तरी रस्त्यावर बरंच काही उरतं. दोन गाड्या आदळल्या की त्यांच्या पोटाला चिकटलेली सुकी माती धक्क्याने खाली पडते. ती साधारण तिथेच पडते जिथे टक्कर झाली. आपल्याकडची माती लाल, काळ्या डांबरावर ती लगेच दिसते. मोटारसायकल पडून फरफटत गेली तर तिचा पायदान डांबर खरवडत जातो. ती रेघ जिथे सुरू होते, तिथून जवळच टक्कर झालेली असते. फुटलेल्या रेडिएटरचं पाणी थेंबाथेंबाने गाडीचा मार्ग दाखवतं.

आमच्या वळणावर हवालदारांनी नेमकं हेच शोधलं. काचा मी झाडल्या होत्या, पण डांबर थोडंच झाडलं जातं? गुडघ्यावर बसून, बॅटरीचा उजेड आडवा धरून त्यांनी एक बारीक खरवड शोधली. मोटारसायकलच्या बाजूला, रस्त्याच्या मध्यापासून बरीच आत. शेजारी लाल मातीची दोन ढेकळं. ती कुणाच्या तरी चपलेखाली अर्धी चिरडली गेली होती. माझ्याच असेल. खडूने त्यांनी त्याभोवती गोल काढला, तोच गोल खिडकीतून वर्गाला दिसत होता.

दिव्याची तार

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. रात्री किंवा पहाटे अपघात झाला, की प्रश्न येतो, गाडीचा दिवा चालू होता की बंद? चालक तर म्हणणारच, चालू होता. पण दिवा फुटून गेलेला. मग कसं कळणार?

जुन्या पद्धतीच्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. दिवा पेटलेला असताना ती तापून पांढरी झालेली आणि मऊ असते. अशा वेळी धक्का बसला तर तार ताणली जाते, वेडीवाकडी होते. काच फुटून हवा आत गेली तर तापलेली तार जळते आणि तिच्यावर पांढरट-पिवळट भुकटी जमते. दिवा बंद असेल तर तार थंड आणि कडक असते, ती कटकन तुटते आणि टोकं स्वच्छ राहतात. म्हणजे एका केसाएवढ्या तारेवरून कळतं, माणूस खरं बोलतोय की खोटं! म्हणून पोलीस फुटका दिवासुद्धा कागदात गुंडाळून, सही-शिक्का करून मुद्देमालात जमा करतात. एलईडी दिव्यात मात्र तार नसते, तिथे ही युक्ती चालत नाही.

गाडी पळून गेली असेल तर रंगाची टवकं आणि काचेचे तुकडे कामाला येतात. फ्रान्समधल्या ल्यों शहरात एडमंड लोकार्ड नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी मांडलेला विचार साधा आहे. दोन वस्तू एकमेकींना लागल्या की प्रत्येक दुसरीवर काहीतरी सोडते. पांढऱ्या गाडीने निळ्या स्कूटरला उडवलं तर स्कूटरवर पांढरा रंग आणि गाडीवर निळा रंग. असे नमुने तपासायला न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवतात. आपल्या राज्याची मोठी प्रयोगशाळा मुंबईत कलिना इथे आहे. त्याशिवाय पेट्रोलपंपावरचे, दुकानांवरचे कॅमेरे, टोलनाक्यावरची नोंद आणि नंबरप्लेट. अर्धा नंबर जरी कुणाला आठवला तरी उपयोग होतो. एमएच ०७ म्हणजे सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर हे तर आमच्या दुसरीच्या पोरांनाही पाठ आहे.

गाडीची तपासणी पोलीस स्वतः करत नाहीत. परिवहन खात्याचा मोटार वाहन निरीक्षक येतो. आपल्या जिल्ह्याचं ते कार्यालय ओरोसला आहे. "साहेब, ब्रेक फेल झाले" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की ते आधी ब्रेकच बघतात. मग स्टिअरिंग, टायर, दिवे.

डोळ्यांनी पाहिलेलं

साक्षीदार खोटं बोलत नसले तरी चुकतात. याचं एक जुनं उदाहरण आहे. १७ ऑगस्ट १८९६ ला लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाच्या बाई मोटारीखाली सापडून मरण पावल्या. ब्रिटनमध्ये मोटारीने पादचाऱ्याचा जीव गेल्याची ही पहिलीच घटना मानतात. चौकशीत चालक म्हणाला, वेग जेमतेम ताशी ४ मैल होता, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाएवढा. पाहणाऱ्यांपैकी एकाला मात्र तीच गाडी आगीच्या बंबासारखी धावत आल्यासारखी वाटली. दोघांनी एकच गाडी पाहिली होती! मोजमाप काहीच नव्हतं. शेवटी पंचांनी अपघाती मृत्यू ठरवला.

म्हणून पोलीस साक्षीदारांना वेगवेगळं विचारतात. एकत्र उभे असले की एकाचं ऐकून दुसऱ्याला तसंच आठवायला लागतं. वर्गात आरसा कुणी फोडला हे विचारताना मीही हेच करते.

मुलांची साक्ष चालते का, असं मला पोरांनी विचारलं. चालते. प्रश्न कळत असेल आणि नीट उत्तर देता येत असेल तर लहान मूलही साक्षीदार होऊ शकतं. आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना किंवा स्त्रियांना जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जाऊन विचारायचं, असा कायदा आहे.

आणि पालकहो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. "पोलिसांची भानगड" नको म्हणून जखमी माणसाला हात न लावण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे. तिला कारणंही होती, ते मी नाकारत नाही. पण ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलमच आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे खटला भरता येत नाही. त्याने नाव-पत्ता सांगितलाच पाहिजे असंही नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याने ठरवायचं. आमच्या वळणावर ज्या आजोबांनी पाय फळीला बांधला, त्यांना कुणी एका शब्दानेही त्रास दिला नाही. उलट हवालदारांनी त्यांना चहा पाजला.

मोठ्या अपघाताचा तपास

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्यावर आदळली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागच्या सीटवर बसलेले गृहस्थ त्यात गेले. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

तपास कसा झाला बघा. एका नाक्यावरच्या कॅमेऱ्यात गाडी दिसली होती २ वाजून २१ मिनिटांनी. अपघात अडीचच्या सुमारास, सुमारे २० किलोमीटर पुढे. म्हणजे नऊ मिनिटांत वीस किलोमीटर. करा भागाकार! दुसरा पुरावा गाडीच्या पोटात होता. अशा गाड्यांमध्ये शेवटच्या काही सेकंदांची नोंद ठेवणारं यंत्र असतं. कंपनीने ती नोंद वाचून अहवाल दिला. आदळण्याच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर, ब्रेक दाबल्यावर आदळताना ८९. पोलिसांनी तेवढ्यावर भागवलं नाही. तिथे तीन पदरी रस्ता पुलावर दोन पदरी होत होता, हेही तपासलं गेलं. शेवटी नोव्हेंबरमध्ये, दोन महिन्यांनी, कासा पोलीस ठाण्यात चालकावर गुन्हा नोंदला गेला.

दुसरी घटना १९ मे २०२४ ची, पुण्याच्या कल्याणीनगरमधली. सतरा वर्षांचा मुलगा महागडी गाडी चालवत होता, त्यात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. इथे प्रश्न रक्ताचा होता. दारू प्यायली होती की नाही हे रक्तातून कळतं (१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असेल तर तो गुन्हा) आणि वेळ जाईल तसं ते प्रमाण घटत जातं. नमुना बदलला गेल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. तो उघडकीला कसा आला? पोलिसांनी त्याच दिवशी दुसऱ्या रुग्णालयात आणखी एक नमुना घेऊन ठेवला होता. दोन्हींचा डीएनए जुळला नाही. पुरावा दोन ठिकाणी ठेवायचा शहाणपणा असा उपयोगी पडतो.

आणि हो, अठरा पूर्ण नसलेल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ पासून पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. "जरा दुकानापर्यंत जाऊन ये" म्हणून चावी हातात देणाऱ्या बाबांना हे वाचून दाखवा. आमच्याकडे असे बाबा पुष्कळ आहेत.

एवढं मोजून होतं काय?

पोलिसांचं काम नुसतं "चूक कुणाची" एवढ्यावर संपत नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे जायला हवा. मग ५० दिवसांत दुसरा आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. हे प्राधिकरण ठरवतं, जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना विम्यातून किती भरपाई मिळायची. घरातला कमावता माणूस चार महिने खाटेवर पडला, तर त्या घराचं काय होतं हे आपल्या बंदरावरच्या मुलांना सांगायला नको. तिथे खडूची एक रेघ म्हणजे घरचे तांदूळ असतात.

शिवाय २०२१ पासून आपल्या राज्यातले पोलीस अपघाताची जागा मोबाइलवरून देशाच्या एका नोंदवहीत भरू लागले. त्यावरून कळतं, कोणत्या वळणावर पुन्हा पुन्हा माणसं पडतात. राष्ट्रीय महामार्गाच्या अर्ध्या किलोमीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा जीवघेणे अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, की ती जागा अपघातप्रवण ठरते आणि तिथे दुरुस्ती व्हावी लागते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. भागून बघा, दर दिवशी चारशे साठच्या वर.

त्या सकाळी मोजमाप संपत आलं तेव्हा हवालदारांचा खडू संपला. ते शाळेच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, एक खडू द्या." मी अख्खी डबी दिली. ती त्यांनी परत केली, एकच ठेवला.

मग माझा जबाब झाला, शाळेच्या पडवीतच. मोटारसायकल कुठे पडली होती ते सांगितलं. पिकअपचं तोंड कुठे होतं ते सांगितलं. काचांबद्दल एक वाक्य आहे, मी सांगितलं तसंच लिहिलेलं. "काचा कोणत्या बाजूला होत्या हे मला आठवत नाही."

पुढे आला पाऊस आणि त्या रेघा धुऊन गेल्या. चौथीतल्या त्या पोराने तोवर वहीच्या मागच्या पानावर अख्खा नकाशा काढून ठेवला होता. खांब, मोरी, गोल, आकडे, सगळं. गडग्याजवळ त्याने खराटा घेतलेली एक बाईही काढली आहे.